प्यायचा कागद आणि हाकायचा कागद

सत्यवतीला पहिल्या बाळंतपणासाठी अकोल्याहून माहेरी आणायला गेले, ते वर्ष १९३९ चं. मोटरीचा नवा कायदा त्याच वर्षी लागू झाला होता आणि वऱ्हाडातली दारूबंदीही अजून ताजी होती. ती बंदी मोठी मजेची. अकोला जिल्हा कोरडा. तिथून अमरावतीच्या अंगाला शीव ओलांडली की लोणी ओली. पुढं बडनेरा पुन्हा कोरडं, कारण तिथं कापडाची गिरणी, आणि गिरणीतल्या मजुरानं पिऊ नये अशी सरकारची इच्छा. बडनेऱ्याच्या पुढं अमरावती परत ओली. म्हणजे माणसानं एका सरळ रस्त्यानं जायचं आणि गावागणिक कधी चोर व्हायचं, कधी साव.

"कायदा केला का गोधडी शिवली यायनं?" माणिकबाई म्हणायची.

माणिकबाई ही सत्यवतीची आजी. तिवशाकडच्या एका गावची पाटलीण, जानराव पाटलांची विधवा. नवरा गेल्यावर काळ्या जमिनीचा सारा पसारा तिनं एकटीनं ओढला. सालदारांना आणि कापसाच्या दलालांना तिनं सारखंच फैलावर घेतलं, आणि त्या ओढाताणीत माणसांबद्दल तिला जे कळलं त्यानं तिचं तोंड कायमचं कडू झालं. तिला सहसा कुणी पटत नसे. व्याह्यांचं घर म्हणजे खुराडं, अकोला म्हणजे नुसता फुफाटा, आणि मोटर म्हणजे बैल नसलेल्या माणसाची सोय. पण तिच्याजवळच्या तुच्छतेतला मोठा वाटा तिनं राखून ठेवला होता तो पोटच्या एकुलत्या लेकासाठी, खुशालरावासाठी.

खुशालराव दिसायला भरदार होता, पण त्याला कोणतीच गोष्ट धड येत नव्हती. शेती सालदारावर, कचेरी वकिलावर आणि घर आईवर टाकून तो मोकळा झाला होता. कापसाला भाव चढला त्या हंगामात त्यानं मोटर घेतली. ती हाकायचं लायसन काढताना त्यानं तपासणीच्या साहेबाला डाकबंगल्यावर कोंबडी खाऊ घातली, अंगणातल्या अंगणात मोटर एकदा पुढं आणि एकदा मागं घेऊन दाखवली, आणि साहेबानं ढेकर देऊन सही केली. दारूबंदी आली तेव्हा तर त्याहून सोपं झालं. एका डॉक्टरानं लिहून दिलं, की या गृहस्थांच्या छातीत कळ येते, औषध म्हणून यांना दारू लागते. त्यावर शिक्का पडला. आता कोरड्या मुलखातही खुशालराव कायदेशीर पिऊ शकत होता. हे दोन्ही कागद तो चामड्याच्या एकाच पाकिटात ठेवी आणि आल्यागेल्याला असे दाखवी, जसा काही मॅट्रिक पास होऊन आला आहे.

"छातीत कळ येते म्हने," माणिकबाई चुलीपाशी बसून म्हणायची. "अरे, छातीत काही असाव तं लागते कळ याले."

त्याच्या लेकीची, सत्यवतीची गोष्ट वेगळी. ती या घरात कुणावर गेली होती कोण जाणे. आजीनं शिव्यांची सरबत्ती सुरू केली की ही पोरगी पदर तोंडाला लावून हसायची, आणि तिला हसताना पाहून म्हातारी आणखी दोन ठेवणीतल्या काढायची. तिला सातवा लागल्याचा निरोप आला त्या दिवशीच माणिकबाईनं सांगून टाकलं, की पोट्टीला आणायला ती स्वतः जाणार. खुशालराव म्हणाला, मोटर आहे, मी नेतो.

"मोटर गोवर्धन हाकीन," माणिकबाई म्हणाली. "जातानी बी आन् येतानी बी. तू बाजूले बसजो. तुया हात त्या चाकाले लागलेला मले दिसला, तं पोट्टीले घेऊन मी उतरून जाईन. मंग तू आन् तुयी मोटर."

"माय, मायाजवळ लायसन हाये."

"असन. तुह्या बापाजवळ तलवार होती. कोनाले मारलं त्यानं?"

गोवर्धन गावातल्याच माळ्याच्या घरचा. भाऊ भाजीपाला आणि झेंडू लावायचे. हा मात्र अमरावतीच्या एका मोटर सर्व्हिसमध्ये राहून हाकायला शिकला होता आणि आता पाटलांकडे होता. घर महानुभाव पंथाचं. रिद्धपूरला जाऊन त्यानं उपदेश घेतला होता, त्यामुळं मांस, दारू आणि दुसऱ्या कोणत्याही देवाचा प्रसाद या तिन्हींपासून तो लांब असे. माणिकबाई त्यालाही मानत होती असं नाही. पण त्याच्या हातावर तिचा भरवसा होता. वाटेत कोंबडी आडवी आली तरी तो आधी मोटर थांबवी, मग हॉर्न वाजवी.

अकोल्याला जाताना काही झालं नाही. व्याह्यांनी सत्यवतीची ओटी भरली, जेवणं झाली. व्याह्यांसमोर खुशालराव दिवसभर सोवळ्यात असल्यासारखा बसला. परवाना खिशात असून प्यायला मिळेना म्हणून त्याचा चेहरा सुकून गेला होता. उन्हं थोडी कलल्यावर मंडळी निघाली. पुढं गोवर्धन आणि खुशालराव, मागं सत्यवती आणि तिला पाठीशी उशी देऊन माणिकबाई.

मूर्तिजापूर गेलं, कुरूम गेलं. जिल्ह्याची शीव ओलांडून लोणी आली तशी माणिकबाई म्हणाली, "खुशाल, बाटली घेऊन ये एक."

खुशालरावानं मान वळवून आईकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा तिनं त्याला असलं काही आणायला सांगितलं होतं.

"तुह्यासाठी नाई सांगून राहिली," ती म्हणाली. "म्हसोबासाठी."

ही पाटलांच्या घराण्याची जुनी चाल होती. घरची पोर गर्भार असताना सासरच्या शिवेतून माहेरच्या अंगाला आली, की वाटेवरच्या पहिल्या म्हसोबापाशी गाडी थांबवायची. दारूची धार आधी देवावर, मग दोन्ही चाकांवर धरायची, आणि ज्याच्या हाती कासरा असेल त्यानं उरल्यातली ओंजळभर प्यायची. वाटेवरच्या देवाची नजर पोटुशीवर पडू नये, कासरा धरणाऱ्यावर पडावी, असा त्यातला हिशेब. जानरावांच्या वेळी बैलांच्या दमणीच्या चाकांवर धार पडे. आता चाकं रबराची होती, एवढाच फरक.

खुशालराव दुकानातून परत आला तेव्हा त्याच्या हातात एक बाटली होती आणि कोटाच्या आत दुसरीचा फुगवटा दिसत होता. माणिकबाईला तो दिसला. चाकाशी गोवर्धन होता; शेजारी बसून हा रांजणभर प्याला तरी तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

लोणीच्या पुढं बाभळीखाली शेंदूर फासलेला दगड होता. तिथं मोटर थांबली. माणिकबाईनं उतरून देवावर धार धरली, चाकांवर धरली, आणि बाटली गोवर्धनपुढं केली.

"धर ओंजळ."

गोवर्धन मागं सरला. "मोठीमाय, आमच्यात चालत नाई. तुमाले ठाऊक हाये."

"तुया पंथ तुया घरी. कासरा कोनाच्या हाती हाये?"

"मोटरीले कासरा कुठी असते, मोठीमाय?"

"जास्त शायना नको होऊ. पोट्टीच्या पोटात जीव हाये. उद्या काही झालं तं तुया पंथ येईन भरून द्याले?"

सत्यवती मोटरीतूनच म्हणाली, "राहू द्या ना आजी. कायले त्याले जबरदस्ती?"

"तू गप बस व. तुले काय समजते."

गोवर्धननं एकदा सत्यवतीकडे पाहिलं, डोळे मिटले आणि ओंजळ तोंडाला लावली. कधी चव माहीत नसलेला माणूस. घशात जाताच त्याला ठसका लागला. निम्मी ओंजळ सदऱ्यावर सांडली. तो खोकत, डोळे पुसत गाडीपाशी गेला. माणिकबाईला समाधान वाटलं. देवाचं देवाला पोचलं होतं.

"उरलेली देवापाशी ठेवतो," खुशालराव म्हणाला आणि बाटली घेऊन बाभळीमागं गेला. देवापाशी ठेवायला त्याला बराच वेळ लागला. आला तेव्हा कोटाचा फुगवटाही मोडला होता. तो पुढच्या जागेवर धपकन बसला आणि गाणं म्हणू लागला. त्याला गाणंही येत नव्हतं.

बडनेऱ्याच्या अलीकडे रस्त्यावर बांबू आडवा टाकलेला होता. दारूबंदीचा नाका. तिथं सूर्यभान जमादार आणि पुंजाराम नावाचा शिपाई असे दोघं होते. जमादाराला नाक्यावर ठेवलं होतं, कारण ठाण्यात त्याचा कुणाला उपयोग नव्हता. पोट पट्ट्याच्या बाहेर, मिशीला तेल, आणि समोरचा माणूस कोणत्या कापडातला आहे ते पाहून आवाज लावायची जन्मजात अक्कल. मोटर दिसताच तो उभा राहिला. आत कोटवाले पाटील दिसताच त्यानं सलाम ठोकला. आणि डायव्हरजवळ येताच त्याचं नाक फुरफुरलं.

"उतर खाली. हा कर."

गोवर्धननं तोंड उघडून श्वास सोडला. जमादार असा मागं हटला, जशी काही भट्टीच उघडली.

"कुठं प्यालास?"

"प्यालो नाई, जमादारसाहेब. तीर्थ होतं. लोणीच्या म्हसोबाचं."

"ऐक रे पुंजाराम! म्हसोबाचं तीर्थ!" जमादार हसला. "परवाना आहे?"

"नाई जी. मी घेतच नाई."

"घेत नाही आणि सदरा भिजलाय."

मग त्यानं काठीच्या टोकानं रस्त्याच्या धुळीत एक लांब रेघ ओढली आणि तिच्यावरून चालायला सांगितलं. गोवर्धनचं लहानपण भाजीच्या वाफ्यांमधल्या अरुंद धुऱ्यावरून पाण्याची घागर नेण्यात गेलेलं. तो त्या रेघेवरून असा गेला आणि आला, की धुळीतली रेघ बाजूला सरकली नाही. एका पायावर उभं राहा म्हटलं, राहिला. बोट नाकाला लाव म्हटलं, लावलं.

पुंजाराम म्हणाला, "बरा दिसते, साहेब."

"बरा?" जमादार म्हणाला. "पोटात दारू असून इतका सरळ चालतो, म्हणजे सराईत आहे. नवखा असता तर झोकांडी गेली असती."

माणिकबाई एवढा वेळ मोटरीतून पाहत होती. आता ती उतरली.

"जमादार, तो वाकडा चालला असता तं?"

"तर प्यालेला ठरला असता, आजी."

"आन् सरळ चालला तं?"

"तर सराईत."

"मंग रेघ कायले ओढली? जमीन खाजवत होती का?"

पुंजारामानं हसू दाबलं. जमादाराचं तोंड लाल झालं. "आजी, हा कायद्याचा मामला आहे. दारू पिऊन मोटर चालवणं हा नव्या कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिन्यांची कैद होऊ शकते. तुमच्याच जिवासाठी आहे हे."

"बरं हाये," ती म्हणाली. "मंग या डायव्हरले मी पाजली. म्या सोता. ओंजळभर. लिहून घे मायं नाव. आन् याले सोडून दे, आमाले दिवस हाये तोवर घरी पोचू दे. पोट्टीकडे पाह्य, किती अवघडली हाये ती."

जमादारानं सत्यवतीकडे पाहिलं. नाही म्हटलं तरी तो क्षणभर घोटाळला. तेवढ्यात खुशालराव मोटरीतून बाहेर आला. दार धरून आला, आणि दार सोडल्यावर त्याला धरायला काही सापडेना.

"जमादार! काय गडबड आहे? मी खुशालराव पाटील."

वास आता त्याचाही आला. पुंजारामाला आला, माणिकबाईला आला, बांबूपलीकडे थांबलेल्या गाडीवानालाही आला. जमादार खाकरला.

"साहेब, माफ करा, पण विचारावं लागतं..."

खुशालरावानं पाकीट काढलं. त्यातून काढताना कागद खाली पडला, तो पुंजारामानं उचलून दिला. जमादारानं शिक्का पाहिला, उलटून पाहिला, आणि त्याचा चेहरा खुलला. आता त्याला सगळं समजलं होतं.

"हे बरोबर आहे. आपल्याला परवाना आहे. आपला काही गुन्हा होत नाही."

"आन् हे लायसन," खुशालराव म्हणाला आणि दुसरा कागद काढला.

"हेही बरोबर. प्यायचा परवाना आहे, हाकायचा परवाना आहे. मग साहेब, आपण स्वतःच मोटर घेऊन गेलात तरी काही हरकत नाही. डायव्हरला मात्र मी सोडू शकत नाही. त्याला डॉक्टरपुढं उभा करावा लागेल."

माणिकबाई ऐकतच राहिली. आयुष्यात तिनं बरेच मूर्ख पाहिले होते. तलाठी पाहिले, दलाल पाहिले, तिच्या नवऱ्याच्या तेराव्याला लाडू बांधून नेणारे भाऊबंद पाहिले. पण दोन कागद हातात धरून इतक्या सरळ डोळ्यांनी इतकी वाकडी गोष्ट बोलणारा माणूस तिनं पाहिला नव्हता.

"जमादार," ती म्हणाली, "तुले डोये हायेत ना? पाह्य याच्याकडे. याले उभं राहता येऊन राहिलं का?"

"पाटीलसाहेबांचे पाय मोटरीत बसून आखडले असतील, आजी."

"याले चालव तुह्या रेघेवर."

"परवाना असलेल्या माणसाला मी कसा चालवू? आपल्यावरच तक्रार व्हायची."

"म्हंजे या कागदानं मोटर सरळ जाते?"

"माय," खुशालराव मध्येच म्हणाला, "मी जातो अमरावतीले, वकील घेऊन येतो. गोवर्धनले सोडवतो. तुमी बसा. बस गं बेटा, सत्या. बाप नेते तुले घरी."

गोवर्धन हात जोडून उभा होता. "मोठीमाय, त्यायले हाकू देऊ नका."

"तू चूप!" जमादार ओरडला. "आरोपीनं बोलायचं नाही."

माणिकबाई मोटरीपाशी गेली. आधी सत्यवतीचा हात धरून तिला उतरवलं. मग पुढच्या जागेखालचं लोखंडी हँडल काढलं. ते समोरून घालून फिरवल्याशिवाय मोटर सुरू होत नसे. ते घेऊन ती नाक्याच्या पडवीत गेली, बाकावर ठेवलं आणि त्याच्यावर बसली.

"आता हाक," ती म्हणाली.

नाक्यावरचे सगळे पाहत होते. पाटलिणीच्या बुडाखालून हँडल ओढून काढायची छाती तिथं कुणाचीच नव्हती. जमादाराची तर नव्हतीच. खुशालराव थोडा वेळ डुलत उभा राहिला. मग त्याला रस्ता दिसला. नाक्यापासून पुढं रस्ता उताराचा होता.

"ढकला," तो चाकामागं चढून बसत म्हणाला. "उतारावर आपोआप सुरू होते."

आणि सूर्यभान जमादारानं पुंजारामाला खूण केली. बांबू वर झाला.

सत्यवतीला रडू फुटलं. "आजी, बाबा एकटे जाऊन राहिले. मी बसतो त्याइच्याजवळ. मी असली तं हळू चालवतीन."

ती खरंच दोन पावलं गेली. माणिकबाईनं बसल्या जागेवरून तिचं मनगट पकडलं. म्हातारीची पकड बैलाची वेसण धरलेली; पोरीला ती सुटेना.

"सोडा ना आजी! बाप हाये माया!"

"मायाबी लेक हाये," माणिकबाई म्हणाली. "बस खाली."

मग तिनं खुशालरावाला हाक मारली. एकदाच. "खुशाल, उतर. पाया पडतो तुह्या. उतर."

सगळ्या गावानं जिच्या पाया पडावं अशी ती बाई, चारचौघांत लेकाला असं म्हणाली. खुशालरावानं खिडकीतून पाकीट बाहेर काढून हलवलं आणि हसला. "माय, तू कायद्यापेक्षा मोठी हायेस का? पाह्य, सरकार म्हंते हाक."

तिचं तोंड पुन्हा कडू झालं. "जा मंग," ती म्हणाली. "सरकारच्या मांडीवर बसून जा."

जमादारानं एका बाजूनं खांदा लावला, पुंजारामानं दुसऱ्या. पट्टा, पितळी बिल्ला आणि तेल लावलेली मिशी यांच्यासकट ब्रिटिश सरकारचा कायदा घाम गाळत मोटर ढकलू लागला. मोटर उताराला लागली, दोन आचके खाऊन सुरू झाली, रस्त्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला गेली, परत आली, आणि बडनेऱ्याच्या घरांमागं दिसेनाशी झाली. जमादारानं कपाळ पुसलं आणि समाधानानं पानाची चंची सोडली.

दवाखाना नाक्याजवळच होता. गोवर्धनला तिथं नेलं तेव्हा माणिकबाई आणि सत्यवती मागून गेल्या. डॉक्टर चिडका होता आणि सायंकाळच्या चहावरून उठवल्यानं आणखी चिडला होता. त्यानं गोवर्धनच्या डोळ्यांवर विजेरी धरली, नाडी पाहिली, बोलायला लावलं, चालायला लावलं.

"याला काय झालंय?" त्यानं जमादाराला विचारलं. "सदरा प्यालाय, माणूस प्यालेला नाही."

"पण वास..."

"मोटरीचा कायदा वास विचारत नाही. माणसाला मोटर ताब्यात ठेवता येते की नाही, एवढंच विचारतो. याला येते. असं मी लिहून देतो. बाकी तुमच्या दारूबंदीचं तुम्ही पाहा, तो कायदा निराळा. मोटर कुठं आहे यांची?"

"पाटीलसाहेब स्वतः घेऊन गेले. त्यांच्याकडे परवाना होता."

"कसला परवाना?"

"प्यायचा, साहेब."

डॉक्टरानं हातातली विजेरी खाली ठेवली. "आणि ते प्यालेले होते?"

जमादारानं पट्टा वर ओढला.

"झोकांड्या जात होत्या, जी," गोवर्धन म्हणाला.

"प्यायचा परवाना म्हणजे पिऊन हाकायचा परवाना नव्हे, हे सांगायला तुम्हाला कुणी बॅरिस्टर हवा होता काय? घरात बसून पी, असं म्हटलंय त्या कागदात. तुम्ही पकडायचा सोडून ढकलला त्याला!"

माणिकबाई दाराशी उभी राहून हे ऐकत होती. डॉक्टर बरोबर बोलत होता, पण तिला त्याचंही कौतुक वाटलं नाही. असल्याच एका शिकलेल्या माणसानं छातीतली कळ लिहून दिली होती.

गोवर्धनला त्या संध्याकाळी सोडलं नाही. कागद झाला होता, आणि झालेला कागद जमादाराच्या हातून फाटत नसतो. पुढं कोर्टात मोटरीच्या कायद्यातून तो सुटला, पण दारूबंदीत दंड झाला. लोणीत प्यालेली दारू पोटात घालून बडनेऱ्याच्या कोरड्या हद्दीत आणली म्हणून. दंड माणिकबाईनं भरला. रिद्धपूरला जाऊन प्रायश्चित्त मात्र त्याला एकट्याला घ्यावं लागलं. म्हातारी त्याला म्हणाली, "तुया देव बी भल्ता चिडखोर हाये." त्याच्यापुढं मान खाली घालून ती बोलली, तेवढंच.

दवाखान्याच्या दारात एक माळी बैलगाडी घेऊन आला होता. गाडीत कोबीची पोती, अमरावतीच्या बाजारासाठी. गोवर्धनच्या नात्यातला निघाला. त्यानं पोती मागं सारून, वर चवाळं घालून सत्यवतीला जागा केली. दिवस अजून होता. समोरच्या तुरीच्या शेतांवर ऊन पिवळं पडलं होतं. बैल आपल्या चालीनं चालले होते. आजीनं धरलेल्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले होते, त्यांवरून सत्यवती हात फिरवत होती.

"दुखते?" माणिकबाईनं विचारलं.

"नाई."

"दुखू दे," माणिकबाई म्हणाली. "घरी गेल्यावर शेकून देतो."

बडनेरा मागं पडलं. नाल्यावरच्या पुलापाशी माणसं जमलेली दिसली. गाडीवानानं बैल थांबवले आणि उतरून पुढं गेला. परत आला तेव्हा त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं होतं. माणिकबाईनं सत्यवतीचं डोकं आपल्या मांडीवर दाबून धरलं आणि पदर तिच्या तोंडावर ओढला.

"उठू नको," ती म्हणाली. "मी पाहून येतो."

पुलाचा कठडा फुटला होता. मोटर खाली नाल्यात उलटी पडली होती. एक चाक अजून हळूहळू फिरत असल्यासारखं वाटलं, पण तो वाऱ्याचा भास असेल. माणिकबाई कुणाचा हात न धरता उतारानं खाली उतरली. खुशालरावाच्या कोटाची बटणं तिनं लावली. डोळे मिटवले. तोंडाला अजून वास होता. तिनं आपल्या पदरानं ते तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जोर लावून.

बऱ्याच वेळानं सूर्यभान जमादार सायकलवरून आला. पंचनामा करायचा होता. त्यानं टोपी काढली, घातली, परत काढली. मग वहीत पाहत, तिच्याकडे न पाहता विचारलं, "आजी, लिहावं लागतं. मोटर कोण चालवत होतं?"

"ज्याले तुमी ढकललं तो," माणिकबाई म्हणाली. "लिही. खुशालराव जानराव पाटील."

खुशालराव मेला मार्गशीर्ष वद्य पंचमीला, शके १८६१, दिवस मावळायच्या आधी, बडनेरा-अमरावती रस्त्यावरच्या नाल्यात.